बॅरिॲट्रिक ऑपरेशननंतर वजनाचा काटा अडकला तर काय करायचं?

वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालं की पहिले दोन-तीन महिने घरात सगळे खूश असतात. कपडे ढिले होतात, जिना चढताना धाप लागत नाही, शुगर-बीपीच्या गोळ्या कमी होतात. मग एखाद्या आठवड्यात काटा थांबतो. पुढच्या आठवड्यातही तिथेच. महिना होत आला तरी हलत नाही. आणि घरात कुजबुज सुरू होते. "ऑपरेशन फेल गेलं का?", "एवढे पैसे घातले ते पाण्यात गेले का?", "जेवण अजून कमी कर बघू."

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा या भागातल्या माणसासाठी हा प्रश्न जास्त अवघड होतो. असं ऑपरेशन करायला आपल्याकडचे लोक मोठं शहर गाठतात. कुणी नागपूरला जातं, सिरोंचाकडचे लोक तेलंगणात वारंगल-हैदराबादला जातात. अहेरीहून नागपूर अडीचशे किलोमीटरच्याही पुढे आहे. काटा थांबला म्हणून दर वेळी गाडी करून सर्जनकडे जाणं कुणाला परवडणार? मग शेजारचे, नातेवाईक आणि मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ हेच डॉक्टर होऊन बसतात.

म्हणून या लेखात आम्ही काटा का थांबतो, घरी काय तपासायचं, काय करायचं नाही आणि कुठल्या वेळी थांबून न राहता दवाखाना गाठायचा, हे क्रमाने सांगणार आहोत. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. काटा काही आठवडे अडकणं हे बहुतेक वेळा शरीराचं नेहमीचं वागणं आहे. त्याला घाबरून जेवण तोडणं, हे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे.

ऑपरेशनमध्ये काय होतं

आपल्याकडे जास्त करून दोन प्रकार केले जातात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरलेलं जठर केळ्यासारखं, नळीच्या आकाराचं राहतं. भूक लावणारं 'घ्रेलिन' नावाचं हार्मोन ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग निघून जातो, त्यामुळे सुरुवातीला भूक फारशी लागत नाही. दुसरा प्रकार बायपास. यात जठराची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढच्या भागात जोडतात. अन्न कमी जातं आणि ते आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जात नाही.

घरातल्या एका तरी माणसाला आपलं कोणतं ऑपरेशन झालं आहे हे नावासकट माहीत असायला हवं. गोळ्या, तपासण्या, रोजे, या सगळ्याचं उत्तर त्यावर अवलंबून असतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये आणि एक झेरॉक्स पाकिटात ठेवा.

हे ऑपरेशन आता महाराष्ट्रात नवं राहिलेलं नाही. आज नागपूरचे खासदार असलेले नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ते करून घेतलं, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची खूप चर्चा झाली होती. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं आणि ७ मार्चला त्यांचं स्लीव्ह ऑपरेशन झालं. मे महिन्यात त्यांना पुढच्या उपचारासाठी अबुधाबीला नेलं, तिथे २५ सप्टेंबरला त्यांची वफात झाली. त्यांचं वजन आणि इतर आजार फार वेगळ्या पातळीचे होते, त्यांची आपल्याशी तुलना करून घाबरण्याचं कारण नाही. पण ऑपरेशननंतरची देखभाल किती लांब चालते, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

काटा का थांबतो

वजनाचा काटा असा थांबून राहतो त्याला डॉक्टर 'प्लॅटो' म्हणतात, म्हणजे पठार. चढ किंवा उतार संपून सपाट जागा लागावी तसं. याची कारणं समजली की अर्धी भीती जाते.

पहिलं कारण पाण्याचं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. ऑपरेशननंतर खाणं एकदम कमी झालं की हा साठा संपतो आणि पाणीही निघून जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे भराभर वजन उतरतं त्यात या पाण्याचा मोठा वाटा असतो. पुढे शरीर थोडा साठा परत भरतं, पाणी परत येतं, आणि चरबी आतून कमी होत असूनही काटा हलत नाही. म्हणूनच तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास पहिला प्लॅटो अनेकांना येतो.

दुसरं कारण साधं आहे. ११० किलोचं शरीर चालवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ८५ किलोच्या शरीराला लागत नाही. ट्रकमधला माल कमी झाला की डिझेलही कमी लागतं. त्यामुळे जे जेवण चौथ्या महिन्यात वजन उतरवत होतं, तेच जेवण दहाव्या महिन्यात वजन नुसतं टिकवून ठेवतं. शिवाय वजन घटताना शरीर काटकसर करायला शिकतं आणि खर्च हिशोबापेक्षाही थोडा खाली आणतं.

तिसरं कारण स्नायूंचं. प्रोटीन कमी पडलं आणि हालचाल नसली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. बसल्या जागी ऊर्जा वापरण्यात स्नायूंचा चांगला वाटा असतो. ते गेले की वजन उतरायचा वेग मंदावतो आणि अशक्तपणा वाढतो.

चौथं कारण वेळेचं. सहा महिने ते वर्षभरानंतर भूक थोडी परत येते, एका वेळी मावणारं अन्नही थोडं वाढतं. हे सगळ्यांत होतं. पोट 'फाटलं' किंवा 'परत मोठं झालं' असं समजून घाबरू नये.

किती उतरलं म्हणजे ठीक?

बहुतेकांचं सर्वात कमी वजन ऑपरेशननंतर १२ ते १८ महिन्यांत, काहींचं दोन वर्षांपर्यंत येतं. त्यानंतर काटा थांबला तर तो अडकला असं म्हणण्यापेक्षा मुक्कामाला आला असं म्हणावं.

एक हिशोब बघा. समजा एका बाईंची उंची १६० सेंटिमीटर आणि ऑपरेशनच्या दिवशी वजन ११० किलो होतं. म्हणजे बीएमआय ४३. त्या वर्षभरात ८० किलोवर आल्या. शेजारी म्हणतात, "अजून जाडच आहे." पण त्यांनी एकूण वजनाच्या २७ टक्के वजन कमी केलं आहे. बीएमआय २५ धरला तर त्यांचं वजन ६४ किलो हवं, म्हणजे जादा वजन ४६ किलो होतं, त्यातलं ३० किलो म्हणजे ६५ टक्के गेलं. डॉक्टरांच्या भाषेत हे चांगलं यश आहे. शुगर, बीपी, झोपेतलं घोरणं आणि गुडघेदुखी यांवर त्याचा फायदा दिसतो.

स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांचा मोठा अभ्यास चालला. २००७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के कमी झालं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्के कमी होतं. म्हणजे थोडं परत येणं तिथेही झालं, पण बहुतेक फायदा टिकला. ज्यांचं ऑपरेशन झालं नव्हतं त्यांचं वजन एवढ्या वर्षांत जवळपास होतं तिथेच राहिलं. तेव्हा दोन-तीन वर्षांनी दोन-तीन किलो वर आले म्हणून सगळं संपलं असं नाही.

आधी आठ दिवसांची वही

काटा अडकला असं वाटलं की कुठलाही बदल करण्याआधी आठ दिवस एका वहीत लिहा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला लिहायला सांगा, मुलं हे काम आवडीने करतात.

१. वजन आठवड्यातून एकदाच. जुम्मा ठरवा किंवा कुठलाही एक दिवस. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं राहिलं तर मीठ, बद्धकोष्ठ, मासिक पाळी यांमुळे किलो-दीड किलो वर-खाली दिसतं आणि उगीच मन खराब होतं.

२. टेपने कंबर, नितंब आणि दंड मोजा. महिन्यातून एकदा पुरे. काटा थांबलेला असताना कंबर दोन सेंटिमीटर कमी झाली असेल तर काम सुरू आहे.

३. जे तोंडात जाईल ते लिहा. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, दुकानात बसून घेतलेला चहा, सगळं.

४. पाणी किती प्यायलं ते लिहा. एक लिटरची बाटली भरून ठेवा म्हणजे मोजायला सोपं जातं.

५. झोप किती झाली, चालणं किती झालं, गोळ्या घेतल्या की राहिल्या.

आठ दिवसांनी वही वाचली की बहुतेक वेळा कारण आपोआप दिसतं. आणि फोनवर सर्जन किंवा आहारतज्ज्ञाशी बोलताना ही वही समोर असली तर पाच मिनिटांत काम होतं.

ताटात आधी काय?

ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. आपल्या भागात भात हे मुख्य जेवण. छोट्या पोटात आधी चार घास भात गेला की प्रोटीनला जागाच राहत नाही. म्हणून क्रम बदला. आधी अंडं, मासे, चिकन किंवा घट्ट डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी दोन-तीन चमचे भात.

अंदाजासाठी काही आकडे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ ग्रॅमच्या पुढे. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २०. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. मोठ्या ग्लासभर दुधात ८. एक वाटी घट्ट वरणात ६ ते ८. मूठभर फुटाण्यांत ६. सोयाबीनच्या ३० ग्रॅम सुक्या वड्यांत साधारण १५. प्राणहितेच्या काठावर राहणाऱ्यांना ताजी मासळी मिळते, ती तळण्याऐवजी कमी तेलात रस्सा करून खाल्ली तर यापेक्षा चांगलं काय? महागड्या पावडरच्या डब्याची गरज सगळ्यांना नसते. ज्यांना जेवणातून प्रोटीन पुरत नाही त्यांनीच ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं हे डॉक्टरच ठरवतील.

दुसरी गोष्ट म्हणजे सटकणारे पदार्थ. खारी, टोस्ट, बिस्किट, चिवडा, मुरमुरे, आइस्क्रीम, शीरखुर्मा. हे पदार्थ छोट्या पोटातूनही पटकन खाली उतरतात, पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि दिवसभर थोडं थोडं खाल्लं जातं. चिकनचे तीन तुकडे जास्त होतात, पण चहात बुडवून सहा टोस्ट सहज जातात. आठ दिवसांच्या वहीत अडकलेल्या काट्याचं कारण पुष्कळ वेळा इथेच सापडतं.

जेवताना घाई नको. एका घासाला वीस वेळा चावा, जेवण वीस ते तीस मिनिटं चालू द्या. एकाच मोठ्या ताटात सगळे मिळून जेवत असाल तर आपला वाटा आधीच छोट्या प्लेटमध्ये काढून घ्या. इतरांच्या वेगाने हात चालला की जास्त जातं आणि उलटी होते. जेवताना पाणी पिऊ नका. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबा, मग घोट घोट प्या.

पिण्यातून जाणारी साखर

घट्ट अन्न कमी झालं तरी पातळ पदार्थांना पोट अडवत नाही. दोन चमचे साखरेचा दुधाचा एक कप चहा साधारण ६० ते ८० कॅलरी देतो. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की चहा, दुकानात बसलं की चहा. पाच-सहा कप झाले की ४०० कॅलरी नुसत्या चहातून. लाल शरबत, फळांचा रस, कोल्ड्रिंक यांचंही तेच. चहा सोडवत नसेल तर दिवसाला दोन कप, बिनसाखरेचा, आणि लोहाच्या गोळीपासून दूर, कारण चहामुळे लोह शरीरात नीट शोषलं जात नाही.

पाणी मात्र दिवसाला किमान दीड लिटर हवंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतं. एकदम ग्लासभर जमत नाही, म्हणून बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट घेत राहायचं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

चालणं आणि ताकद

आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. उन्हाळ्यात फजरनंतर उजाडलं की किंवा मगरिबच्या आधी ऊन उतरल्यावर. जंगलालगतच्या रस्त्यावर अंधारात जाऊ नका, आपल्या जिल्ह्यात वाघ आणि हत्तींचा वावर आहे. वस्तीतला रस्ता, शाळेचं मैदान किंवा घराची गच्ची पुरे.

काटा अडकल्यावर नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना काम द्यावं लागतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून दहा दंड. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत दहा वेळा उचला. थोडं थांबून हेच परत दोनदा. घरातल्या बायकांना बाहेर जायला जमत नसलं तरी हे आतल्या खोलीत होतं. ऑपरेशनला तीन महिने झाले नसतील तर वजन उचलण्याआधी सर्जनला विचारा.

झोपही मोजा. रोज पाच तास झोपणाऱ्याची भूक वाढते, गोड खावंसं वाटतं. सात तास झोप मिळाली पाहिजे.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडू नका

काटा अडकल्यावर काही लोक चिडून सगळ्याच गोळ्या बंद करतात. हे फार महागात पडतं. या ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि थायमिन म्हणजे बी-१ यांची कमतरता होऊ शकते, म्हणून गोळ्या बहुधा आयुष्यभर असतात. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि पुढे दर वर्षी रक्ताची तपासणी करा. नागपूरला जायला जमत नसेल तर नमुना चंद्रपूर किंवा गडचिरोलीत देऊन रिपोर्ट सर्जनला मोबाईलवर पाठवता येतो.

काही घरांत प्रश्न येतो की कॅप्सूल जिलेटिनची आहे, घ्यावी का? औषध बंद करण्याची गरज नाही. केमिस्टला सांगून चघळायची गोळी, सिरप किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा. बहुतेक जीवनसत्त्वं या रूपांतही मिळतात. डॉक्टरांना पर्याय विचारा, पण पर्याय मिळेपर्यंत खंड पडू देऊ नका.

रोजांचं काय?

रमजान जवळ आला की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, आता महिनाभर रोजे आहेत, अडकलेलं वजन आपोआप उतरेल. दुसरे घाबरून कुणालाच विचारत नाहीत. दोन्ही चूक.

ऑपरेशननंतर पहिल्या वर्ष-दीड वर्षात रोजे टाळावेत असा अनेक तज्ज्ञांचा सल्ला असतो. कारण सरळ आहे. ज्याच्या पोटात एका वेळी अर्धा कपच मावतो त्याने दीड लिटर पाणी आणि ६० ग्रॅम प्रोटीन इफ्तार ते सहरीच्या मधल्या वेळेत कसं घ्यायचं? पाणी कमी पडतं, स्नायू झिजतात, गोळ्या राहून जातात आणि प्लॅटो उलट लांबतो. बायपास झालेल्यांनी इफ्तारला रिकाम्या पोटी शरबत आणि चार-पाच खजूर एकदम घेतले तर घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो, आणि दोन तासांनी शुगर एकदम खालीही जाऊ शकते.

आजारी माणसाला सूट आहे, हे आपण सगळे जाणतो. सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी आणि प्रवासी यांच्यासाठी दुसऱ्या दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत आली आहे. कजा करायचा की फिदया द्यायचा हे आपल्या भागातल्या आलिमांना विचारा, पण त्याआधी डॉक्टरचं मत हातात असू द्या, म्हणजे आलिमांनाही नीट सांगता येतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर इफ्तार एका खजुराने आणि काही घोट पाण्याने करा, मगरिबनंतर प्रोटीनचं छोटं जेवण, तरावीहच्या आधी-नंतर घोट घोट पाणी, झोपण्याआधी दूध किंवा दही, आणि सहरी चुकवू नका. चक्कर, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, सतत उलटी असं काही झालं तर रोजा सोडा. जीव सांभाळणं हाही हुकूमच आहे.

हे करू नका

जेवण अजून तोडू नका. प्रोटीन तोडून फक्त सूप किंवा लिंबूपाण्यावर राहिलं तर आठवडाभर काटा उतरतो, पण उतरतं ते पाणी आणि स्नायू.

'चरबी जाळणारा' काढा, पावडर, बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका, मग त्या बाजारात मिळोत की मोबाईलवरून मागवा.

वजनाची इंजेक्शनं स्वतःहून घेऊ नका. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आली. ऑपरेशननंतर वजन परत वाढलेल्या काही रुग्णांना डॉक्टर ती देतातही. पण आधीच कमी खाणाऱ्याने सल्ल्याशिवाय घेतली तर उलट्या आणि कुपोषण दोन्ही होऊ शकतं.

अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. सर्जनला विचारून पॅरासिटामॉल घ्या. तंबाखू, खर्रा आणि बिडी सोडणं तर ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवं होतं, अजून सुटली नसेल तर आता सोडा.

डॉक्टरशी कधी बोलायचं

तीन-चार आठवडे काटा थांबला आणि बाकी तब्येत ठीक असेल तर वही भरा आणि वाट बघा. पहिल्या वर्षात सलग तीन महिने काहीच हललं नाही, किंवा सर्वात कमी वजनापासून चार-पाच किलो वर जाऊन वाढतच राहिलं, तर सर्जनच्या टीमशी बोला. थायरॉईड, इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, मनाच्या आजाराची काही औषधं यांनीही वजन अडकतं. ही औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टर बदलून देतील. प्रवास जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या डॉक्टरशी बोलता येतं.

तरुण मुलींसाठी एक गोष्ट. वजन उतरलं की अनियमित पाळी सुरळीत होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. पाळी चुकली आणि वजन थांबलं तर आधी गर्भाची तपासणी करा. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहू नका, डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा.

आणि ही लक्षणं दिसली तर काट्याचा विचार सोडून लगेच दवाखाना गाठा:

– पाणीही पोटात टिकत नाही, दिवसभर उलट्या
– पोटात असह्य दुखणं, ताप, नाडी फार वेगात
– काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी
– पायाला मुंग्या, चालताना झोक जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ
– पिंढरी सुजून दुखणं, दम लागणं

यातली चौथी ओळ नीट लक्षात ठेवा. ती थायमिन संपल्याची खूण असू शकते, आणि उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहतं. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर पहिलंच वाक्य हे सांगा: "यांचं पोटाचं बॅरिॲट्रिक ऑपरेशन झालं आहे, उलट्या होत आहेत, ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिनचं बघा." थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर त्रास वाढू शकतो. घरातल्या दोघांना तरी हे वाक्य पाठ असू द्या.

घरच्यांसाठी

काटा अडकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त दुखवतात ते घरातले शब्द. दावतीत खाला आग्रह करतात, "एवढंसंच खातेस? अजून एक बोटी घे," आणि दुसऱ्याच दिवशी भाभी विचारते, "वजन किती उतरलं मग?" दोन्ही प्रेमानेच, पण दोन्हीमुळे माणूस लपून खायला लागतो किंवा खाणंच सोडतो. वजन विचारू नका. त्याऐवजी, "आज पाणी पूर्ण झालं का? चल, दोघं चालून येऊ," असं म्हणा. अम्मींनी त्याच्या ताटात आधी अंडं-मासे वाढले, अब्बूंनी दुकानातून येताना खारीऐवजी फुटाणे आणले, तर ऑपरेशन झालेल्या माणसाला एकट्याने लढावं लागत नाही. आणि शुगर-बीपी आपल्या घरांत एकट्यादुकट्याला नसते, हे जेवण सगळ्यांच्याच कामाचं आहे.

मन फारच खचलं असेल, रडू येत असेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सरकारची १४४१६ ही टेली मानस हेल्पलाईन मोफत आहे, तिथे बोलता येतं.

शेवटी एक काम आजच करा. एका कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारीख, त्या दिवशीचं वजन, चालू गोळ्या आणि सर्जनचा नंबर लिहून पाकिटात ठेवा, आणि त्याच कार्डाच्या मागे उलट्या आणि थायमिनचं ते वाक्य लिहा. काटा इन्शाअल्लाह आपल्या वेळेने हलेल. तोपर्यंत ताट, पाणी, चालणं आणि गोळ्या यांत खंड पडू देऊ नका.